रुखवतातला नोटांचा मोर: सहा आठवड्यांत कुठवर आले

मागच्या वेळी लिहिलं होतं की मावसबहिणीच्या लग्नात रुखवतासाठी नोटांचा मोर करतेय, तर आज त्याची पुढची हकीकत. पिसारा पूर्ण झालाय, फुलं आत्ता कुठे सुरू केलीत, मान अजून मनासारखी जमत नाहीये. पण त्याआधी मधल्या काळात जे शिकले ते सांगते कारण हे मला सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

नेटवर नोटांच्या घड्यांचे जे डिझाइन मिळतात ते बहुतेक डॉलरचे असतात. वोन पार्क नावाचे हवाईचे कलाकार आहेत, त्यांचा एका डॉलरच्या नोटेतून केलेला कोई मासा बघितला नसेल तर नक्की बघा, खवलेसुद्धा दिसतात. तो बघूनच मला हे वेड लागलं. मी तशा पद्धतीचा एक सोपा मासा १० च्या नोटेवर करायला बसले आणि दर वेळी शेपटी आली की कागद संपायचा. मला वाटलं हात कच्चा आहे. चार नोटा चुरगळल्यावर पट्टी घेऊन मोजलं तेव्हा उलगडा झाला.

डॉलर साधारण १५६ बाय ६६ मिमी, म्हणजे जवळपास ७ ला ३. आपली नवीन १० ची १२३ बाय ६३. ७ ला ३ च्या हिशोबाने ६३ रुंदीला १४७ लांबी पाहिजे, म्हणजे आपली नोट चक्क २४ मिमी तोकडी, शेपटी येणार कुठून! मग सगळ्याच मोजल्या. २० ची १२९ बाय ६३, ५० ची १३५ बाय ६६, १०० ची १४२, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०, या तिन्हींची रुंदी ६६ च. म्हणजे डॉलरचं डिझाइन जसंच्या तसं करायचं तर त्यातल्या त्यात ५०० ची नोट घ्या, ती फक्त ४ मिमी कमी पडते, तेवढं सांभाळून घेता येतं.

आणि २० ची, ५० ची बघा, ६३ दुणे १२६ आणि ६६ दुणे १३२, दोन्हीत बरोब्बर ३ मिमी जास्त. म्हणजे दोन चौकोन शेजारी ठेवल्यासारखी नोट! चौकोनी कागदाचे जे जोडीचे प्रकार आहेत ते यावर छान बसतात, ३ मिमी ची पट्टी कडेला दुमडून टाकली की झालं. मला हे कळलं त्या रात्री झोपच आली नाही, उठून पुन्हा मोजलं.

जुन्या सिरीजच्या नोटा यात मिसळू नका. जुनी १० ची १३७ मिमी लांब, जुनी २० ची तर १४७ आणि रंगही लालसर. २०१७ च्या आधीचा एखादा व्हिडिओ बघून करत असाल तर त्यातली मापं आता चालणार नाहीत हे लक्षात ठेवा.

नोटेचा छोटा शर्ट करतात ती घडी सगळ्यांना येते म्हणून पूर्ण सांगत नाही, दोन्ही लांब कडा मधल्या रेषेला आणायच्या, एका टोकाला सेंटीमीटरभर मागे दुमडून कोपरे पुढे आणले की कॉलर, दुसऱ्या टोकाला बाह्या बाहेर काढून ते टोक वर घेऊन कॉलरखाली खोचायचं. पण तीच घडी वेगवेगळ्या नोटांवर करून बघा. १० चा शर्ट होतो साधारण साडेपाच सेंटीमीटर उंच, बुटका, लहान मुलाचा वाटतो. ५०० चा सात सेंटीमीटर, तो शर्ट राहतच नाही, सदरा होतो. भाच्याच्या मुंजीला मी १० चे पाच छोटे शर्ट आणि त्याच्या बाबांच्या नावाचा ५०० चा एक सदरा असं एका ओळीत लावून दिलं, वर एक रुपयाचं नाणं, ५५१. भिक्षावळीत त्याने बाकी पाकिटं आईकडे दिली आणि हे स्वतःजवळ ठेवलं.

शर्ट करताना मी गांधीजींची बाजू आत घेते. नव्या नोटेत चेहरा मधोमध आहे त्यामुळे घडी त्यावरून जातेच, पण तो अर्धा कापलेला वर दिसावा हे मला पटत नाही. मागची बाजू वर आली की रंग मोकळा दिसतो, आणि कॉलर कुठल्या टोकाला करता त्यावर पुढे काय येणार ते ठरतं, दोन्ही टोकांनी करून बघा. २० च्या नोटेवर वेरूळ आहे, आमच्या आत्याचं माहेर संभाजीनगर, तिला मुद्दाम २० चाच शर्ट करून दिला.

आता मोर. रंगांमुळेच सुचला. नवी ५० ची निळी, २० ची हिरवट पिवळी, १० ची चॉकलेटी, हे तर मोराचेच रंग! बाहेरच्या रांगेत ५० च्या १२ नोटा, आतल्या रांगेत २० च्या १५, पायाशी १० च्या १० फुलांच्या दोन ओळी. ६०० आणि ३०० आणि १००, झाले १००० आणि मधे एक रुपयाचं नाणं. आहेर १००१ चा बसतो आणि बेरीज करून मग डिझाइन केलं असं नाही, रंग मांडता मांडता आकडा जुळला.

पिसं म्हणजे निऱ्याच. नोट आडवी धरून अर्धी, पाव, असं करत १६ भाग पाडायचे, २० च्या नोटेत एक निरी ८ मिमी ची येते. साडीच्या निऱ्या घालताना जशी बोटं चालतात तशीच चालवायची. नोटेचा कागद कापसाचा असतो, तो घडी घालून सोडली की परत फुगतो, म्हणून प्रत्येक घडीवर स्टीलच्या पट्टीची कड दाबून फिरवते, नखाने तेवढी धार येत नाही. खालचं टोक रेशमाच्या दोऱ्याने बांधलं की पंखा तयार. ५० चे पंखे साधारण ४५ अंश उघडले की बारा पंख्यांत एकोणीस सेंटीमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ भरतं. आतल्या रांगेचे कमी उघडायचे.

फुलासाठी त्याच निऱ्या पण दोरा मधोमध, दोन्ही बाजू गोल फिरवून टोकं भेटवली की सहा सेंटीमीटरचं गोल फूल. एकाच नोटेत पूर्ण गोल होतं, दोन लागत नाहीत.

गोंद, टाचणी, स्टेपलर यातलं काहीही वापरलेलं नाही आणि हा माझा पक्का नियम आहे. रिझर्व्ह बँकेने २००१ मधेच बँकांना नोटांना स्टेपल मारणं बंद करायला सांगितलंय, शिवाय नोटांचे हार करू नका, मांडव सजवू नका असंही आवाहन आहे, म्हणून मी हार करतच नाही. मोराबद्दलही मन खात होतं. शेवटी असं ठरवलं की पुठ्ठ्यावर कटरने चिरा पाडायच्या, दोरा बांधलेलं टोक चिरेत सरकवायचं, आणि लग्नानंतर दोरा सोडला की नोट मोकळी. आई म्हणाली, "अगं, एवढं करून शेवटी मोडायचंच ना?" मी म्हटलं, "आई, ते पैसे आहेत, तिला संसाराला लागतील." ती काही बोलली नाही पण संध्याकाळी स्वतःच्या डब्यातून ५० च्या तीन कोऱ्या नोटा काढून दिल्या.

कोऱ्या नोटांचंच जड गेलं. बँकेत दोनदा गेले, दोन्ही वेळा मऊ पडलेल्या मिळाल्या. मऊ नोटेत निरी उभी राहत नाही, दोन दिवसांत पंखा मान टाकतो. मग नात्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं, कोणाच्या पाकिटात करकरीत दिसली की बदलून घ्यायची, तशा २९ जमल्या. सरावाला मात्र झेरॉक्सचा कोरा कागद नोटेच्या मापाने कापून घ्या. नोटेची झेरॉक्स काढू नका, तो गुन्हा आहे.

आता अडलंय ते मानेशी. निळ्या वेल्वेट पेपरची कापलेली मान पिसाऱ्यापुढे सपाट दिसते. ५० ची एक नोट लांबीत चार पदरी दुमडून, वाकवून बघितली, वळण सुंदर येतं पण वळणावर कागद उकलतो, तुमच्यापैकी कोणी दोऱ्याशिवाय असं वळण धरून ठेवलं असेल तर सांगा. तोवर १० च्या आठ नोटा शोधायच्या आहेत, लग्नाला अकरा दिवस उरलेत.