तुम्ही विचारलंत म्हणून: मूठ हाडाचीच का?

चाकूची दोन-चारदा उघडमीट करून झाली की बहुतेकजण हेच विचारतात. "भाऊ, ही मूठ खऱ्या हाडाची आहे? लाकूड नव्हतं का मिळत?" काहीजण विचारता विचारताच चाकू टेबलावर ठेवतात आणि हात पँटला पुसतात. आमच्या घरी तर हा प्रश्न नाहीच, आरोप आहे.

चाकू बाबांचा. काटोलकडे आमची थोडी संत्र्याची बाग होती आणि बाबा गावात इतरांकडेही डोळे भरून, म्हणजे संत्र्याची कलमं करून, द्यायचे. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या खुंटावर, जमिनीपासून वीतभर वर, सालीला 'टी' अक्षरासारखी चीर द्यायची, साल दोन्ही बाजूंनी अलगद सोडवायची, आत संत्र्याचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, सरकवायचा आणि पट्टी बांधायची. धार बोथट असेल तर साल चिरत नाही, चेंगरते; मग डोळा धरत नाही. म्हणून बाबा रोज सकाळी दगडावर पातं घासत. घासून घासून ते निम्मं उरलं. कंपनीचा ठसाही त्यातच गेला. विलायती असावा असं पाहणारे म्हणतात, मी मान डोलावतो.

बाबा गेल्यावर तो खिळ्यांच्या डब्यात सापडला. पातं डुलत होतं, कमान (आतली स्प्रिंग) गंजून आखडली होती, एका बाजूचं हाड तुटलेलं. दुसऱ्या बाजूच्या हाडावर अंगठ्याचा खळगा.

मी हिंगणा एमआयडीसीत बत्तीस वर्षं फिटर होतो, त्यामुळे लोखंडाची भीती नव्हती. जुन्या पिना कानशीने घासून काढल्या, सगळं सुटं केलं, रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं. पात्याचं भोक झिजून अंडाकृती झालं होतं. रीमरने गोल केलं आणि थोडी जाड पिन घातली, डुलणं थांबलं. पात्यावरचे गंजाचे खड्डे मात्र तसेच ठेवले. ते घालवायचे तर पातं आणखी पातळ होणार, आणि ग्राइंडरला लावलं की गरम होऊन पाणी, म्हणजे पात्याचा कडकपणा, उतरणार. कडेला निळा रंग दिसला की समजायचं, पोलाद मऊ पडलं. मुठीच्या तोंडाशी असलेल्या चकचकीत पट्ट्या जर्मन सिल्व्हरच्या. तांबं, जस्त आणि निकेल. चांदी औषधालाही नाही. इतवारीतल्या एका सोनाराने कसोटीला लावून पाहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच फसवलं.

आता हाड. आधी मी सागवानाचीच मूठ केली होती, खोटं कशाला बोला. दिसायला देखणी. पण डोळे भरायच्या या चाकूच्या मुठीचं मागचं टोक जिभेसारखं चपटं असतं. चीर पात्याने द्यायची आणि साल त्या जिभेने सोडवायची. तिथे लोखंड घातलं तर सालीखालचा ओला, निसरडा थर खरवडला जातो, आणि डोळा जुळतो तो त्याच थराशी. सागवानाची जीभ दोन दिवस ओल्या सालीत चालवली, तिसऱ्या दिवशी तिचे तंतू सुटले. हाड पातळ घासलं तरी गुळगुळीत राहतं. हल्ली प्लास्टिकच्या जिभेचे चाकू मिळतात आणि ते चांगले चालतात, हेही सांगून टाकतो. पण मला दुसरा चाकू नको होता.

मोमिनपुऱ्यात गेलो. दुकानदाराने विचारलं, "सूप के लिए?" म्हटलं, चाकूची मूठ करायची आहे. "फिर भैंस की नल्ली ले जाओ, बकरे की में क्या निकलेगा!" बरोबर होतं त्याचं. जाड, सरळ भिंतीचं हाड लागतं.

बायकोने गॅसला हात लावू दिला नाही. गच्चीवर सिगडी मांडली आणि भांड्याच्या साबणाच्या पाण्यात हाड मंद आचेवर तासन्‌तास ठेवलं. चरबी राहिली तर पुढे पिवळे डाग येतात, वासही येतो. आणि फार खळखळ उकळलं तर हाड खडूसारखं ठिसूळ होतं. मग उभं कापून पट्ट्या काढल्या आणि वाळायला ठेवल्या. गच्चीवर. मे महिन्यात. नागपूरच्या. आठवड्यात दोन्ही पट्ट्या पापडासारख्या वळल्या आणि लांबीला तडकल्या. पुन्हा मोमिनपुरा, पुन्हा सिगडी, पुन्हा बायकोची बोलणी. दुसरी जोडी कपाटाखाली, सावलीत, दिवाळीपर्यंत वाळवली.

घासताना तोंडाला मास्क आणि कागद ओला. हाडाची भुकटी छातीत जाऊ देऊ नये. भोक पाडताना ड्रिल थांबत थांबत चालवायचं, नाहीतर केस जळल्यासारखा वास सुटतो. भोक पिनेपेक्षा केसभर मोठं हवं, कारण ठोकल्यावर पितळ फुगतं. तिसऱ्या पिनेला मी एक ठोका जास्त दिला आणि बारीक तडा गेला. तो अजून आहे, नखाला लागतो. रंगासाठी कडक काळ्या चहात दोन दिवस बुडवून ठेवलं. जुन्या हाडाच्या जवळपासचा रंग आला.

खळगाही कोरून पाहिला होता, एका वाया गेलेल्या तुकड्यावर. माझा अंगठा त्यात बसेना, बाबांचा कसा बसायचा ते मला ठाऊक नाही. मूठ सपाटच ठेवली. जुनं हाड डब्यात आहे.

डिसेंबरात चाकू भाच्याला दिला. त्याने बांधावर बसून चार डोळे भरले आणि म्हणाला, "मामा, जीभ जाड झाली न हिची. साल फाटून राहिली." खिशात काचकागद होताच. तिथेच घासायला बसलो. घासायचं, त्याच्याकडे द्यायचं, तो एक डोळा भरणार, मान हलवणार, परत माझ्याकडे. पाचव्यांदा त्याने चाकू परत दिला नाही.