बाबांची आठशे आणि ॲव्हरेज

ॲव्हरेज वाढावा, म्हणजे लिटरमागे गाडी जास्त पळावी, म्हणून आज बाबांच्या २००४ च्या मारुती ८०० चं छतावरचं कॅरिअर उतरवलं. आई लगेच, "मग आता सामान काय डोक्यावर न्यायचं?" राजेंद्रनगरात अशी बातमी लपत नाही, शेजारचे काका पाना घेऊनच हजर!

काकांचा सल्ला: पेट्रोलच्या नळीला चुंबक बांध. हे चुंबक प्रकरण अजून जिवंत आहे, कमाल आहे. अहो काका, पेट्रोल त्याला दाद देत नाही. खरी भानगड हवेची. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, त्यात ते कॅरिअर वारा अडवत उभं. ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरवाल्या इंजिनाने किती सोसायचं?

खरा शोध मात्र जॅक लावल्यावर लागला. मागचं डावं चाक हाताने फिरेचना! ब्रेक शू चिकटलेले. म्हणजे गाडी इतके दिवस थोडा ब्रेक दाबूनच धावत होती. मेकॅनिकने ड्रम उघडून साफ केला, शू मोकळे केले. आता चाक एका बोटाने फिरतं. एअर फिल्टरही बदलला, पण एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल मोजून सोडणाऱ्या) गाडीत त्याने ॲव्हरेज फारसा वाढत नाही, पिकअप सुधारतो. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांचं वेगळं. भाच्याला रुंद टायर हवे होते. दिसतात झकास, पण पेट्रोल जास्त पितात. नाही म्हटलं.

उद्या टाकी काठोकाठ भरून उज्जैन, परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल्ल, मग ॲव्हरेजचा हिशेब. काकांनी चुंबक तोवर डिक्कीत टाकून ठेवलंय, "असू दे रे, काय बिघडतं?"