पुस्तक छापायला जाण्याआधी

प्रकाशकांनी कथासंग्रह स्वीकारल्याचं कळवलं तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. झोप उडाली ती प्रुफं, म्हणजे छापण्याआधी तपासायची पानं, हातात आल्यावर.

मी सगळं यूनिकोडमध्ये टाइप केलं होतं. डीटीपीवाल्यांनी ते त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये नेलं आणि वाटेत अर्धा र जायबंदी झाला. ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’, ‘डोंगरदऱ्या’चं ‘डोंगरदर्या’, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी थेट समुद्र. लाल पेन घेऊन मी रात्र रात्र बसू लागलो. शेजारी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे ते १८ नियम. १९६२ साली १४ होते, १९७२ मध्ये ४ वाढले. ऱ्हस्व-दीर्घ संपले की स्वल्पविराम, ते संपले की पुन्हा पहिल्या पानापासून.

“शुद्धलेखन तपासायला त्यांच्याकडे माणूस आहे ना?” एका रात्री बायको म्हणाली. “तू रफाराला घाबरत नाहीयेस. आत्यांना घाबरतोयस.”

खरं होतं. संग्रहातली सर्वांत मोठी कथा आमच्याच घराच्या वाटणीवर आहे. हक्कसोडपत्रावर सही करायला नकार देणारी त्यातली बाई म्हणजे आमची मिरजेची आत्या. वहीत होतं तोवर खोडता येत होतं. आता प्रकाशक सहज सांगून गेले, की १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवावी लागते, शिवाय मुंबई, दिल्ली आणि चेन्नईच्या ग्रंथालयांनाही. त्यांच्या लेखी ती टपालखर्चाची बाब. माझ्या लेखी, आत्याचं भांडण सरकारदरबारी कायमचं जमा.

शेवटी प्रुफं पिशवीत घातली आणि मिरज गाठली. नव्या लेखकांना मी एवढंच सांगेन, की ज्याच्यावर लिहिलंय त्याला छापण्याआधी वाचून दाखवा. पुस्तक हातात ठेवून ‘वाच’ म्हणू नका. आत्या शेंगा सोलत होती. मी वाचत होतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचे हात बघत होतो. ओट्यावरच्या भांडणाचा प्रसंग आला, भावाला ती काय काय बोलली ते सगळं आलं, तरी हात थांबले नाहीत. थांबले ते पुढच्या पानावर. वाटणीसाठी पंच घरी येतात आणि चहाला साखर नसते, म्हणून ती गुळाचा चहा देते.

“नाव बदललंस, पण गल्लीतली पिठाची गिरणी तशीच ठेवलीस. कुणालाही कळतंय,” ती म्हणाली. मग जरा वेळानं, “भांडण राहू दे. झालंच होतं ते, आणि माझं काय चुकलं नव्हतं. साखरेचं तेवढं काढ की रे. माणसं काय म्हणतील, घरात साखर नव्हती?”

मी धडपडत होतो ते भांडणाच्या समर्थनाची वाक्यं जुळवायला. साखरेवर माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

शेवटचं प्रूफ मंजूर होऊन गेलेलं. पुस्तक १६० पानांचं, १६ पानांचे बरोबर १० फर्मे, म्हणजे एकत्र छापायचे ताव. डीटीपीवाले वैतागले. दोन ओळी काढल्या तर पुढचा मजकूर वर सरकणार, पानं पुन्हा तपासावी लागणार. मग तोडगा निघाला, की काढायच्या दोन ओळींच्या जागी तेवढ्याच मापाच्या दोन ओळी द्यायच्या. त्या लिहायला मला अख्खी कथा लिहिण्यापेक्षा जास्त त्रास झाला. आता पंच चहाच घेत नाहीत, घाईत आहेत. लेखक म्हणून विचाराल तर गुळाचा चहाच बरा होता.

त्यानंतर मात्र प्रिंट ऑर्डरला ‘हो’ म्हणताना हात थरथरला नाही. आयएसबीएन, कागद, बांधणी सगळं प्रकाशकांनी बघितलं. मला फक्त मलपृष्ठावरचा मजकूर लिहायचा होता. ‘लेखकाची सूक्ष्म निरीक्षणशक्ती’ वगैरे स्वतःच स्वतःबद्दल लिहिताना लाज वाटते, पण त्या लाजेनं झोप जात नाही.

५०० प्रती छापल्या. माझ्या वाट्याच्या प्रतींतली पहिली आत्याला नेऊन दिली. तिनं आधी साखरेचं पान काढून खात्री करून घेतली. मग म्हणाली, “अजून एक दे. धाकट्याला मीच नेऊन देते.”

धाकटा म्हणजे ओट्यावर भांडलेले काका. त्यांना मी काहीच वाचून दाखवलेलं नाही.