रात्रीचा ड्रेन: १०४१च्या मागे कोण होतं ते सापडलं

काल रात्री ११ ते सकाळी ७, आठ तासांत बॅटरी ३ टक्के उतरली. परवा रात्री १३. अँड्रॉइड फोन तोच, वायफाय तेच, टेबलही तेच. फरक फक्त एका ॲपचा, आणि ते कोणतं हे कळायला सहा आठवडे गेले.

आधी एक दुरुस्ती. ॲप्सच्या बकेट (कोणत्या ॲपला पार्श्वभूमीत किती काम करू द्यायचं, याचे सिस्टीमचे गट) बदलल्याने ड्रेन आटोक्यात आला, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं, ते मागे घेते. चौदा ॲप्स ‘रेअर’मध्ये (गट क्रमांक ४०) आणि दोन ‘रिस्ट्रिक्टेड’मध्ये (४५) टाकली होती, त्यानंतर दोन रात्री छान गेल्या आणि मी घाईने निष्कर्ष काढला. तिसऱ्या रात्री पुन्हा १२ टक्के. ज्यांनी माझं वाचून बकेट हलवल्या त्यांचं नुकसान काही नाही, पण श्रेय बकेटचं नव्हतं.

डोक्याला खरा ताप या गोष्टीचा होता की डोझ (फोन पडून असताना ॲप्सची कामं रोखणारी झोप) व्यवस्थित लागत होता. बगरिपोर्टच्या (फोनच्या अंतर्गत नोंदींचा अहवाल) हिस्ट्रीत डीप डोझ मध्यरात्रीच्या आसपास सुरू, आणि मेंटेनन्स विंडो (अडलेली कामं उरकायच्या छोट्या सवडी) वगळल्या तर सकाळपर्यंत कायम. म्हणजे ॲप्सचं नेटवर्क बंद, जॉब थांबलेले, साधे अलार्म पुढे ढकललेले. डोझमध्ये एखाद्या ॲपने वेकलॉक (सीपीयूला झोपू न देणारी विनंती) धरला तरी सिस्टीम त्याला दाद देत नाही. मग दहा टक्के जातात कुठे?

उत्तराचा अर्धा भाग बॅटरीस्टॅट्समध्ये (बॅटरी वापराची आकडेवारी) वरच पडलेला होता आणि मी तो रोज ओलांडून खाली जात होते. स्क्रीन बंद असतानाचा रिअलटाइम ७ तास ५८ मिनिटं, अपटाइम ७ तास ५६ मिनिटं. रिअलटाइम हा घड्याळाचा वेळ, अपटाइम त्यातला सीपीयू जागा असलेला वेळ. चांगल्या रात्री माझा अपटाइम पाऊण तासाच्या वर जात नाही. म्हणजे डोझ लागलेला, पण सीपीयू रात्रभर टक्क जागा!

वेकलॉकच्या यादीत सर्वांत वर ‘ऑडिओमिक्स’, यूआयडी (ॲपचा किंवा सिस्टीमच्या भागाचा ओळखक्रमांक) १०४१. हा ऑडिओसर्व्हर, फोनचा आवाज सांभाळणारा भाग. डोझची वेकलॉकबंदी १०००० आणि त्यापुढच्या यूआयडींना, म्हणजे ॲप्सना लागू होते. १०४१ सिस्टीमचा, त्यामुळे त्याचा वेकलॉक डोझमध्येही चालतो. हे बरोबरच आहे, नाहीतर स्क्रीन बंद करून गाणी ऐकता आली नसती. पण माझ्या फोनवर रात्री काहीच वाजत नव्हतं.

इथे मी तीन आठवडे घालवले. आधी कीबोर्डचा टकटक आवाज बंद केला, मग टच साउंड, मग ब्लूटूथ. प्रत्येक बदलानंतर एखादी चांगली रात्र यायची आणि आशा वाटायची. शेवटी वहीतल्या तारखांसमोर वार लिहिले. वाईट रात्री सोमवार, बुधवार, शुक्रवार. माझे व्यायामाचे वार.

पुढचं काम पाच मिनिटांचं. शुक्रवारी झोपायच्या आधी डम्पसिस ऑडिओ (ऑडिओची सद्यस्थिती छापणारी कमांड) चालवलं. प्लेअरच्या यादीत एक ओळ ‘स्टार्टेड’ अवस्थेत, तिच्यात यूआयडी दिलेला. पॅकेजची यादी यूआयडीसकट काढली, आकडा जुळवला: व्यायामात ठरावीक वेळाने बीप देणारा इंटर्व्हल टायमर! दोन तासांपूर्वी ‘स्टॉप’ दाबून, रिसेंट्समधून सरकवून बंद केलेला. ती ओळ पाहून झालेला आनंद ३ टक्क्यांपेक्षाही मोठा होता.

ॲप निःशब्द ट्रॅक वाजवत ठेवतं, म्हणजे सीपीयू झोपत नाही आणि बीप वेळेवर येतो. त्यामागची अडचण मला कळते. डोझमध्येही वाजू शकणारा अलार्म एका ॲपला नऊ मिनिटांत एकदाच मिळतो, आणि इथे बीप तीस सेकंदांनी हवा. पण व्यायाम संपल्यावर ट्रॅक आणि फोरग्राउंड सर्व्हिस (नोटिफिकेशन दाखवून मागे चालू राहणारं काम) दोन्ही बंद व्हायला हवेत, ते होत नाहीत. सर्व्हिस चालू असली की रिसेंट्समधून सरकवून प्रोसेस मरतेच असं नाही. आणि त्या ॲपचं नोटिफिकेशन मी पूर्वीच बंद केलं होतं, त्यामुळे डोळ्यांसमोरची एकमेव खूण गेली होती.

हिशेबही बसतो. ५००० एमएएचचे १० टक्के म्हणजे ५००. आठ तासांत साधारण ६२ मिलिअँपिअर. निःशब्द ट्रॅक रात्रभर चालू राहण्याची किंमत. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये आयफोनवरच्या फेसबुक ॲपचं असंच निघालं होतं: व्हिडिओ बघून बाहेर पडल्यावरही ऑडिओ सेशन उघडं राहायचं, वाजत काही नसायचं, तरी ॲप जागं. कंपनीने ते मान्य करून दुरुस्ती दिली होती.

सध्याचा उपाय: व्यायामानंतर फोर्स स्टॉप. डेव्हलपरला लॉगसकट कळवलंय.

साधनांबद्दल: बॅटरी हिस्टोरियनचे (बगरिपोर्ट चित्रात दाखवणारं साधन) आलेख बघायला सुंदर, पण त्यासाठी डॉकर हे सॉफ्टवेअर उभं करण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आणि शोध लागला तो साध्या टेक्स्टमधूनच. नवीन मंडळींनी आधी डम्पसिस वाचायला शिकावं. आणि ‘रॅम क्लीनर’ कृपा करून काढून टाका. कॅश्ड (मेमरीत तयार ठेवलेली) प्रोसेस मारली की तेच ॲप पुन्हा शून्यापासून उघडताना जास्त खातं.

पुढे मोबाइल डेटावरच्या रेडिओ टेलची (डेटा पाठवून झाल्यावरही रेडिओ काही वेळ जागा राहतो त्याची) चाचणी घेणार होते: दर १५ मिनिटांनी थोडा थोडा सिंक आणि तासातून एकदा एकत्र सिंक, यांची तुलना. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, आधी ऑडिओचा खर्च सुटा करावा. वरच्या ६२ मिलिअँपिअरमध्ये नुसता जागा सीपीयू किती आणि ऑडिओ हार्डवेअर किती, हे अजून वेगळं झालेलं नाही. म्हणजे दोन रात्री विमान मोडमध्ये: एक निःशब्द ट्रॅकची, एक नुसत्या पार्शल वेकलॉकची (स्क्रीन बंद, फक्त सीपीयू जागा). पण वेकलॉक धरणारं ॲप डोझच्या सूट यादीत टाकावं लागेल, नाहीतर डोझ तो मोडीत काढेल आणि तुलना फसेल. ते छोटं ॲप आज संध्याकाळी लिहिते. स्टॅट्स रीसेट करून पहिली रात्र आजच.