अवजार जोडणे सोपे होते ते अवजार सोडताना

छोट्या ट्रॅक्टरला अवजार जोडण्याचे काम ज्यांनी एकट्याने केले आहे, त्यांना त्यातली अडचण वेगळी सांगावी लागत नाही. ट्रॅक्टर मागे घ्यावा, डावी लोअर लिंक (ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या दोन दांड्यांपैकी एक) अवजाराच्या पिनेसमोर आली म्हणून खाली उतरून पाहावे, तर उजवी लिंक दोन बोटे वर आणि चार बोटे पुढे राहिलेली असते. पुन्हा वर चढून थोडे मागे घ्यावे, तोवर डावी बाजू चुकलेली असते. शेवटी पहार लावून अवजारच सरकवायचे, असे मी कितीतरी वर्षे करत आलो. एकदा रोटाव्हेटर असाच रेटत असताना तो एकदम सरकला आणि माझे मधले बोट पिन आणि लिंक यांच्यामध्ये सापडले. नख गेले, हाड वाचले. त्यानंतर मी या कामाकडे नीट लक्ष देऊन पाहू लागलो, आणि माझे मत असे झाले की जोडताना होणारा बहुतेक त्रास आपण आधीच्या वेळी अवजार सोडतानाच तयार करून ठेवलेला असतो.

हॅरी फर्ग्युसन यांनी १९२६ साली ज्या जोडणीचे पेटंट घेतले, तिच्यात खाली दोन आणि वर एक अशा तीन बिंदूंवर अवजार धरले जाते, आणि आजचा जवळजवळ प्रत्येक छोटा ट्रॅक्टर तीच पद्धत वापरतो. अवजार ट्रॅक्टरचाच भाग होते हा तिचा मोठा गुण आहे. पण तीन बिंदू एकाच वेळी जुळावे लागतात, म्हणजे अवजार थोडे जरी तिरके किंवा एका बाजूला खचलेले असेल, तरी एक पिन जुळताच दुसरी निसटते. छोट्या ट्रॅक्टरवर बहुधा जी श्रेणी १ ची (जोडणीच्या ठरलेल्या मापांच्या एका गटाची) मापे असतात, त्यांत खालची पिन २२ मिलिमीटरची आणि टॉप लिंकची, म्हणजे वरच्या मधल्या दांड्याची, पिन १९ मिलिमीटरची असते. लिंकच्या टोकाच्या गोळ्याचे भोक खालच्या पिनेपेक्षा एका मिलिमीटरहूनही कमी मोठे असते. एवढ्याशा फरकात दोन-तीनशे किलोचे अवजार बसवायचे, तर ताकदीने काही साधत नाही. ते योग्य जागी उभे असले पाहिजे.

म्हणून मी आता सोडण्याच्या जागेपासून सुरुवात करतो. जमीन टणक आणि सपाट हवी. मऊ मातीत ठेवलेला रोटाव्हेटर एका पावसात एका बाजूला बसतो, आणि मग पुढच्या वेळी कितीही कौशल्याने ट्रॅक्टर मागे घेतला तरी दोन्ही पिना एका पातळीत मिळत नाहीत. प्रत्येक अवजाराखाली ठेवायचे लाकडी ठोकळे मी ठरवून ठेवले आहेत. त्यांची उंची अशी निवडली आहे की अवजार टेकल्यावर खालच्या पिना लिंकच्या उचलीच्या साधारण मध्यावर येतात, त्यामुळे जोडताना वर आणि खाली दोन्हीकडे हलवायला वाव राहतो.

अवजार ठोकळ्यांवर पूर्ण टेकवावे, पीटीओ (इंजिनची फिरती ताकद अवजाराला देणारी जोडणी) आणि इंजिन बंद करावे, आणि मगच खाली उतरावे. आधी पीटीओ शाफ्ट काढावा आणि त्यानंतर टॉप लिंक. टॉप लिंकच्या दोन टोकांना उलटसुलट आटे असतात. मधला भाग फिरवून ताण इतका कमी करावा की पिन नुसत्या बोटांनी फिरेल. जी पिन बोटांनी फिरत नाही ती हातोडीने काढू नये, कारण ती अडकली आहे याचा अर्थ अवजाराचा भार अजून तिच्यावर आहे, आणि ती निघताच अवजार कुठेतरी हलणार आहे. खालच्या पिनांनाही हाच नियम लावावा. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांवर उजव्या उचल-दांड्याची (लोअर लिंक वर उचलणाऱ्या दांड्याची) लांबी आट्याने कमी-जास्त करता येते, तिथे एक-दोन वेढे फिरवले की उजवी पिन सैल होते. मग ट्रॅक्टर पहिले दोन मीटर स्टिअरिंग न वळवता सरळ पुढे न्यावा. ही सवय मला सर्वांत उशिरा लागली, पण तिचा उपयोग सर्वांत जास्त झाला. ज्या रेषेत ट्रॅक्टर सुटला, त्याच रेषेत तो परत आणता येतो. फरशीवर मी मागच्या चाकांसाठी रंगाचे दोन पट्टे ओढले आहेत. मातीवर दोन खुंट्याही पुरतात.

जोडताना क्रम उलटा होतो. सर्वांत हळू रिव्हर्स गिअर घ्यावा आणि उचलीसाठी पोझिशन कंट्रोलचाच लिव्हर वापरावा, कारण त्यात लिंक जिथे ठेवली तिथे थांबते. ड्राफ्ट कंट्रोल अवजाराच्या ओढीनुसार लिंक आपोआप वर-खाली करतो, त्यामुळे त्याच्यावर तसा भरवसा ठेवता येत नाही. डाव्या उचल-दांड्याची लांबी सहसा ठरलेली असते, म्हणून आधी डावी पिन बसवावी आणि राहिलेला फरक उजव्या आट्यावर काढावा. चेक चेन, म्हणजे लिंकना बाजूला झुलू न देणाऱ्या साखळ्या, या वेळी सैल हव्यात, म्हणजे लिंक हाताने आत-बाहेर हलते. पिन बसल्यावर त्या कसाव्यात: रोटाव्हेटरसाठी जवळजवळ घट्ट, नांगरासाठी थोडी हालचाल ठेवून. ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मध्ये कोणी उभे असताना लिव्हरला हात लावू नये, मग मदतीला आलेला माणूस कितीही सरावाचा असो.

पिनेची निगा हा भाग लोक सोडून देतात, आणि मला ते पटत नाही. गोळ्याच्या भोकात जमलेली माती ग्रीसमध्ये मिसळून तिचा राखाडी, खरखरीत लेप तयार होतो. करंगळी आत घालून फिरवली की तो नखाखाली लागतो. फडक्याने तो पुसून काढावा, गोळा त्याच्या खोबणीत सर्व बाजूंनी हलतो का ते पाहावे आणि मगच नवे ग्रीस लावावे. पिनेच्या टोकाची कड ठोकून बाहेर पसरली असेल तर कानशीने उतरती करून घ्यावी. दहा मिनिटांच्या या कामानंतर तीच पिन तळहाताने ढकलली तरी आत जाते.

टॉप लिंकची लांबी प्रत्येक अवजाराला वेगळी लागते. आट्यांवर प्रत्येक अवजारासाठी वेगळ्या रंगाची खूण केली, तर जोडल्यावर नांगराची खोली किंवा रोटाव्हेटरची पातळी पुन्हा शोधत बसावी लागत नाही.

पीटीओ शाफ्टबद्दल थोडे सविस्तर सांगतो. छोट्या ट्रॅक्टरवर तो बहुधा सहा खाचांचा, ३५ मिलिमीटरचा आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांचा असतो. खाचा जुळत नाहीत म्हणून शाफ्ट पुढे-मागे आपटण्यापेक्षा अवजाराच्या बाजूचे टोक हाताने किंचित फिरवावे. शाफ्टच्या टोकाची कडी दाबून धरली की शाफ्ट सरकतो, आणि कडी सोडल्यावर खटका बसल्याचा आवाज आला पाहिजे. आवाजानंतरही एकदा मागे ओढून पाहावे. सोडलेल्या अवजाराचा शाफ्ट जमिनीवर पडू न देता अवजारालाच साखळीने टांगावा, नाहीतर एकात एक सरकणाऱ्या नळ्यांत माती शिरते आणि मग तो लांब-आखूड व्हायलाच नकार देतो.

क्विक हिच घ्यावी का, असे मला पुष्कळ जण विचारतात. ट्रॅक्टरवर कायम राहणारी ही चौकट असते. तिला खाली दोन आणि वर एक आकडा असतो, आणि ट्रॅक्टर मागे घेऊन चौकट उचलली की अवजार आकड्यांत बसते. दिवसातून तीन वेळा अवजार बदलणाऱ्याने ती जरूर घ्यावी. पण वरच्या आणि खालच्या पिनांमधले उभे अंतर प्रत्येक अवजाराचे सारखे नसते, त्यामुळे वरचा आकडा सरकवता येणारी चौकट पाहावी, आणि २२ मिलिमीटरच्या पिनांवर सुमारे ३६ मिलिमीटर जाडीची बुशे चढवावी लागतील हे धरून चालावे. मुख्य म्हणजे ती अवजाराला साधारण १० सेंटिमीटर मागे ढकलते. मोठ्या ट्रॅक्टरला हे जाणवत नाही. छोट्याची उचल मात्र कमी पडू लागते, पुढची चाके हलकी होतात, आणि पीटीओ शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश राहतात का हे पुन्हा मोजावे लागते. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान २० टक्के भार राहिला पाहिजे. तो राहत नसेल तर पुढे वजने लावावीत किंवा चौकटीचा विचार सोडावा.

माझ्याकडे रोटाव्हेटर हे सर्वांत जड अवजार आहे, आणि चौकट लावून तो उचलताना ट्रॅक्टरचे तोंड वर येत होते. म्हणून त्याच्यासाठी चौकट काढून ठेवली आणि तो चार चाकांच्या पाटावर ठेवू लागलो. पाटाच्या दोन चाकांना ब्रेक आहेत आणि पाट फक्त फरशीवर चालतो. ट्रॅक्टर जवळ आणून उभा करायचा, इंजिन बंद करायचे, आणि राहिलेले चार बोटांचे अंतर रोटाव्हेटरच बाजूने ढकलून भरून काढायचे. तो एका हाताने सरकतो, आणि पहार आता लागत नाही.