‘चालते की आमच्याकडे!’ : फोनमधली भजनं सीडीवर नेण्याची खटपट

ज्या सीडी प्लेयरवर एमपीथ्रीची खूण नाही, त्यात एमपीथ्रीची सीडी वाजत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते. हे पटवताना मला ठाण्यातल्या एका दुकानात घाम फुटलाय.

आम्ही पाचपाखाडीत राहतो. सासूबाईंकडे झाकण उघडून वरून सीडी टाकायचा जुना प्लेयर आहे. ब्लूटूथ वगैरे त्यांना नकोच. “बटण दाबलं की वाजलं पाहिजे, बाकी मला सांगू नकोस.” त्यांच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग्ज होती, काही माझ्या फोनवर केलेली, काही मंडळातल्या बायकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली. ती सीडीवर हवी होती. लॅपटॉपला हल्ली सीडीचा ट्रेच नसतो, म्हणून स्टेशनजवळच्या गल्लीतलं एक झेरॉक्सचं दुकान गाठलं. ‘सर्व प्रकारच्या सीडी करून मिळतील’ अशी पाटी होती.

मी स्पष्ट म्हटलं, “ऑडिओ सीडी हवी, डेटा नको.” दुकानदार “हो हो” म्हणाला आणि पेन ड्राइव्हवरच्या फायली सीडीवर उतरवून मोकळा झाला. घरी प्लेयरमध्ये सीडी थोडी घरघरली आणि पडद्यावर आलं ‘नो डिस्क’.

परत गेले तर म्हणे, “ताई, तुमचा प्लेयर गेलाय. चालते की आमच्याकडे!” आणि खरंच कॉम्प्युटरवर वाजवून दाखवली. कॉम्प्युटरला काय, तो फायली उघडतो. साध्या प्लेयरला फाइल ही भानगडच ठाऊक नाही. फिलिप्स आणि सोनीने 1980 मध्ये ठरवलेल्या पद्धतीत आवाज सेकंदाला 44,100 नमुने, 16 बिट, दोन चॅनेल असा सलग लिहिलेला असतो. साधा प्लेयर तेवढंच वाचतो.

यावर दुकानदाराने फायली वेव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबता ठेवणाऱ्या फाइलच्या प्रकारात, बदलल्या आणि त्याच वेव्ह फायली पुन्हा कॉपी केल्या. वेव्ह केली तरी ती फाइलच! पुन्हा ‘नो डिस्क’. मग म्हणाला, डीव्हीडीवर टाकू, जागा जास्त. सीडी प्लेयरमध्ये डीव्हीडी! दुसरा वाद मिनिटांचा. “सगळं मिळून शंभर एमबी पण नाही, आरामात बसेल.” ऑडिओ सीडीत एमबी मोजायचे नसतात, मिनिटं मोजायची. 700 एमबीच्या सीडीत 80 मिनिटं, संपलं. फोनमधली फाइल कितीही छोटी असो, सीडीवर ती उलगडून मिनिटाला साधारण दहा एमबी खाते.

कळस पुढेच. दुकानात कामाला असलेल्या मुलाने माझं ऐकून प्रोग्रॅममध्ये बरोबर ‘ऑडिओ सीडी’ निवडलं. सीडी बाहेर आली. मालकाने ती परत आत घालून उघडली, तर ‘ट्रॅक01.सीडीए’, ‘ट्रॅक02.सीडीए’ अशी रांग आणि प्रत्येकापुढे एक केबी. “बघा, रिकामी आली,” म्हणत त्याने ती काडकन मोडून डब्यात टाकली. अहो, ती सीडीए म्हणजे विंडोजने दाखवलेली 44 बाइटची नुसती खूण असते, गाणं तिच्यात नसतंच! एक केबी दिसतंय म्हणजेच सीडी बरोबर झालीय. त्या दुकानात झालेली ती एकमेव बरोबर सीडी माझ्या डोळ्यांदेखत मोडली गेली. वर कोऱ्या सीडीचे पैसे मागितले. नाही दिले.

मग यूएसबीला लागणारा सीडी रायटर विकत घेतला आणि काम घरीच, संध्याकाळच्या चहापर्यंत उरकलं. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये भजनं उघडून 44,100 हर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ वेव्ह करून घेतली, कारण व्हॉट्सॲपच्या ओपस प्रकारच्या आवाजाच्या फायली जुन्या विंडोज मीडिया प्लेयरला चालत नाहीत. वेव्ह केल्याने आवाज सुधारत नाही बरं का, फोनमध्ये खरखर असेल तर सीडीतही खरखरच. मग त्या मीडिया प्लेयरच्या ‘बर्न’मध्ये, म्हणजे सीडी लिहायच्या भागात, जाऊन पर्यायात ‘ऑडिओ सीडी’वर खूण केली. बस. तिथेच आवाज सारखा करायचाही पर्याय आहे, तो जरूर घ्या, नाहीतर एक भजन कुजबुजतं आणि पुढच्याला टाळांनी कान फुटतात.

हो, कोरी सीडी घेताना एकदाच लिहिता येणारी सीडी-आर घ्या. पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू कमी चकाकते, जुन्या प्लेयरला ती बरेचदा वाचता येत नाही. नाव घालायला मार्कर वापरा, बॉलपेन नको. गाण्यांचा थर वरच्या छापील बाजूच्याच लगेच खाली असतो. आणि अभंगाला जोडून गजर असेल तर मधली दोन सेकंदांची शांतता बंद करा. पहिल्या सीडीत तो गॅप राहिला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “हे काय, मृदंगवाला पाणी प्यायला गेला का?”

दुकानातूनच करून घ्यायची असेल तर प्लेयर पिशवीत घालून सोबत न्या. प्लग कुठे लावायचा ते दुकानदारालाच विचारा, आणि वाजल्याशिवाय पैसे काढू नका.