थाळनेर: दिंडीतून आत

धुळ्याहून आग्रा रोडनं शिरपूरकडं जाताना सोनगीरचा किल्ला आधी लागतो. टेकडीवर चढला की संपला, एवढासा. गावात तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं आहेत, तिथं मठारणाऱ्या हातोडीचा आवाज ऐकत दहा मिनिटं उभं राहायला मला फार आवडतं. पण या वेळी थांबलो नाही. फेब्रुवारीचा शेवट होता, ऊन चढायच्या आत थाळनेर गाठायचं होतं. भाचा आठवीत आहे, त्याला 'खरी लढाई झाली ती जागा' बघायची होती. पानिपत लांब पडतं, थाळनेर दारात आहे.

तापी ओलांडून शिरपूरच्या बाजूला गेलो. थाळनेर नदीच्या उत्तर काठावर आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी, मलिक राजाची. बुऱ्हाणपूर वसलं नंतर. गावात फारुकींचे मकबरे आहेत. त्यातल्या अष्टकोनी मकबऱ्याच्या दगडावरचं कोरीवकाम बोटानं चाचपून बघावं असं आहे. माणसं फारशी येत नाहीत, शेळ्या येतात.

किल्ल्याची वाट एका म्हाताऱ्या बाबांना विचारली. त्यांनी आम्हाला खालून वर न्याहाळलं. "आठे काय देखाले उनात भाऊ? पडेल भिती शेतस."

बाबांचं खरं होतं. पडक्या भिंती, बाभळी, मातीचे ढीग आणि खाली तापी. बुरुजाच्या उरलेल्या दगडांवर उभं राहिलं की नदीचं वळण दिसतं आणि ही जागा किल्ल्यासाठी का निवडली ते आपोआप कळतं. एका अंगाला पाणी, बाकी तिन्ही बाजूंना खोलगट जमीन. जुन्या वर्णनांत आत जायची वाट एकच, आणि तीही पाच दरवाज्यांतून वळणं घेत वर चढणारी, अशी लिहिली आहे. ती वाट मला काही ओळखता आली नाही. अर्धा तास प्रयत्न केला, भाच्यानं दोन वेळा 'हीच' म्हणून दाखवली, दोन्ही वेळा ती शेळ्यांची निघाली.

झालं ते असं. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकर हरले, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि त्या तहात खानदेशातला होळकरांचा मुलूख इंग्रजांना गेला. कागदावर. थाळनेरच्या किल्लेदारानं, तुळशीराम मामानं, किल्ला द्यायचं नाकारलं. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपची फौज समोर उभी राहिली, तोफा लागल्या. किल्लेदार बाहेर आला, बोलणी सुरू झाली. इंग्रज एकामागून एक दरवाजे पार करत शेवटच्या दरवाज्याशी आले. तो बंद होता, फक्त त्यातली दिंडी, म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार, उघडी होती. काही अधिकारी आणि थोडे शिपाई त्या दिंडीतून आत शिरले. आतल्या शिबंदीतल्या भाडोत्री अरब शिपायांनी त्यांच्यावर हत्यारं चालवली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर तिथंच पडले. मग इंग्रजांनी आत घुसून जवळजवळ सगळी शिबंदी कापली, सुमारे ३०० माणसं. किल्लेदाराला बुरुजावर फाशी दिलं.

अरबांनी दगा दिला की काय ठरलंय तेच त्यांना कळलं नव्हतं, यावर तेव्हापासून वाद आहे. शरण यायला निघालेल्या किल्लेदाराला फासावर का चढवलं, हा प्रश्न तर लंडनपर्यंत गेला. १८१९ मध्ये तिथल्या संसदेनं हिस्लॉपच्या फौजेचे आभार मानले, पण थाळनेरचं प्रकरण त्यातून मुद्दाम बाजूला ठेवलं. जिंकणाऱ्यांच्याच गळ्यात अडकलेली अशी विजयाची गोष्ट आपल्याकडच्या किती जणांना माहीत आहे? थाळनेरात तरी मला या घटनेचा एकही फलक दिसला नाही. मालेगावला त्याच वर्षी मे-जूनमध्ये अरबांनी नारोशंकरांच्या भुईकोटातून इंग्रजांना जवळजवळ महिनाभर झुंजवलं. तिथं निदान खंदक आणि तट तरी दिसतात.

"म्हणजे दार उघडं होतं तरी इतके मेले?" भाच्याला ते पटेना. मलाही नीट सांगता येईना. वाचताना 'दिंडी' हा शब्द मी सहज ओलांडून गेलो होतो.

परत येताना सोनगीरला मावशीकडं जेवायला थांबलो. शेवभाजी, कळण्याची भाकरी, वर मिरचीचा ठेचा. मावशीच्या जुन्या घराला मोठा लाकडी दरवाजा आहे. तो लग्नकार्यालाच उघडतात, एरवी त्यातल्या दिंडीतून ये-जा. लहानपणापासून मी तिथून शेकडो वेळा गेलोय.

जेवण झाल्यावर भाचा आत थांबला, हातात उलथनं घेऊन. मला म्हणाला, "मामा, तू इंग्रज. ये."

दिंडीचा उंबरा गुडघ्याएवढा, वरची चौकट छातीशी. एक पाय उचलून आत टाकला. पाठ वाकली, डोकं आधी आत गेलं, हात दोन्हीकडच्या लाकडाला. उन्हातून अंधारात आल्यानं क्षणभर काहीच दिसेना. मान पुढं, आणि मागं सरकायला जागा नाही, कारण मागून मावसभाऊ 'चल ना' म्हणून ढकलत होता. उलथनं मानेवर टेकलं तेव्हा ते थंडगार लागलं.

"असं?" भाच्यानं विचारलं.

"असंच असणार."

आतून मावशी ओरडली, "वाकीसन ये रे भो, कपाळ फुटी!" तोवर फुटलं होतं.